वीजबिलातला ‘हरित’ भार नेमका कुठे बसलाय? (महावितरण, घरगुती, नाशिक)

गोदाकाठ

सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय : ‘महावितरण प्रत्येक घराकडून युनिटमागे ६६ पैसे हरित ऊर्जा आकार घेतं, आपलं बिल तपासा.’ बिल तपासलं तर अशी ओळच सापडत नाही. मग कुणी स्थिर आकाराकडे बोट दाखवतं, कुणी वहन आकाराकडे (वीज तारांतून घरापर्यंत आणण्याचा आकार). फॉरवर्डमधला आकडा हवेतला नाही, पण तो लावलाय भलत्याच जागी. सौर, पवन, कोळशावरचे कर, छतावरच्या पॅनेलची सवलत यांतलं काय नाशिकच्या घरगुती बिलात खरोखर उतरतं, कुठल्या ओळीतून आणि किती, एवढंच इथे बघू. पक्षांची भांडणं दुसऱ्या धाग्यावर.

हिशेबासाठी एक नमुना बिल धरतो : सिंगल फेज, महिन्याला २२० युनिटं, दर २०२४-२५ चे. वीज नियामक आयोगाच्या मार्च २०२५ च्या दर-आदेशाला स्थगिती मिळाली, जूनमध्ये फेरविचार झाला, त्यामुळे पुढच्या दरांवर बोलत बसलो तर धागा तिथेच अडकेल. रीत तीच राहते, आकडे ज्याने त्याने आपल्या बिलातले घालावेत.

वीज आकार पहिल्या १०० युनिटांना ४ रु. ७१ पैसे, १०१ ते ३०० ला १० रु. २९ पैसे. वहन आकार सगळ्याच युनिटांवर १ रु. १७ पैसे. म्हणजे १०० × ५.८८ = ५८८ रु., १२० × ११.४६ = १,३७५ रु., स्थिर आकार १२८ रु. इंधन समायोजन शून्य धरलं तर बेरीज २,०९१. त्यावर १६ टक्के वीज शुल्क ३३५. एकूण २,४२६ रुपये.

आता यात ‘हरित’ किती ते शोधा.

लघुदाब

आधी ६६ पैशांचं मिटवू. वीज नियामक आयोगाच्या मार्च २०२१ च्या आदेशातला हा दर आहे आणि तो ऐच्छिक आहे. ज्या ग्राहकाला आपली शंभर टक्के वीज अपारंपरिक स्रोतांतली हवी आहे त्याने तसा अर्ज करायचा, नेहमीच्या दरावर युनिटमागे ६६ पैसे जास्त भरायचे, आणि त्याला तसं प्रमाणपत्र मिळतं. ज्या कंपन्यांना परदेशी गिऱ्हाइकांना ‘आमचा कारखाना हरित विजेवर चालतो’ असं दाखवायचं असतं त्यांच्या हे कामाचं. घरगुती ग्राहकही घेऊ शकतो, पण अर्ज केल्याशिवाय तो कुणाला लागत नाही. २२० युनिटांवर १४५ रुपये होतात, इतकी मोठी रक्कम गुपचूप कुठल्या ओळीत लपणारही नाही.

दुसरा गोंधळ ‘वीज विक्री कर’ या ओळीचा. हा कर व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांवर असतो. घरगुती बिलात तिथे शून्यच हवं. शून्य नसेल तर आधी बिलावरचा दर संकेत बघा. तळमजल्यावर दुकान आणि वर घर असेल, मीटर दोन असतील, तर बिलं एकमेकांत मिसळून वाचली जातात.

कोळशाची वखार

आता जे दिसत नाही त्याकडे येऊ. देशातला एक जुना ‘हरित’ कर कोळशावर होता आणि तो वीजखरेदीच्या पोटातून तुमच्या वीज आकारात यायचा. २०१० साली स्वच्छ ऊर्जा उपकर म्हणून टनामागे ५० रुपयांनी सुरुवात झाली. २०१४ ला १००, २०१५ ला २००, २०१६ ला ४००. जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा तेच ४०० रुपये नाव बदलून भरपाई उपकर झाले, आणि पैसा स्वच्छ ऊर्जेच्या निधीत न जाता राज्यांच्या महसुली तुटीच्या भरपाईत जायला लागला. म्हणजे २०१७ नंतर भार राहिला आणि त्यातलं हरित गेलं. हे फारसं कुणी बोलत नाही.

घरात किती यायचा? एक युनिट बनवायला साधारण ६५० ग्रॅम कोळसा धरा. टनामागे ४०० रुपये म्हणजे कोळशाच्या प्रत्येक युनिटामागे २६ पैसे. समजा घेतलेल्या दहा युनिटांतली सात कोळशाची, तर सरासरी १८ पैसे. वाटेतली गळती १५ टक्के धरली तर तुमच्या मीटरपाशी साडेएकवीस पैशांच्या आसपास. २२० युनिटांवर ४७ रुपये, आणि त्यावर १६ टक्के शुल्क धरून ५४-५५.

२२ सप्टेंबर २०२५ पासून हा उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. कोळसा मूळ किमतीला टनाला १,५०० रुपये असेल तर आधी ७५ + ४०० = ४७५ कर होता, आता २७०. म्हणजे युनिटमागे साधारण १३ पैशांची सूट. मात्र मूळ किंमत ३,०७७ च्या वर गेली की गणित उलटतं, नवा कर जुन्यापेक्षा जास्त पडतो. आयात केलेला आणि उच्च प्रतीचा कोळसा त्यात येतो. कुणी म्हणेल ‘जीएसटी आहे तर परतावा मिळेल’. नाही मिळत. वीज स्वतः जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे केंद्राने कोळशावर भरलेला कर सगळा खर्चातच जातो.

सातपूर फीडर

> केंद्राने कोळशावर भरलेला कर

म्हणजे वीज केंद्राने, केंद्र सरकारने नव्हे. नाहीतर इथून नवा फॉरवर्ड निघेल. :)

मग सूट मिळाली तर ती बिलात दिसते कुठे?

कोळशाची वखार

इंधन समायोजन आकारात. आयोगाने दर ठरवताना इंधनाचा आणि वीजखरेदीचा एक खर्च गृहीत धरलेला असतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त-कमी झाला की फरक या ओळीतून येतो, आणि तो टप्प्यागणिक (१०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३०० असा) वेगळा असतो. त्यामुळे शेजारच्या घराशी पैसे-प्रतियुनिट जुळवून बघू नका, तुमचा वापर वेगळ्या टप्प्यात असेल तर जुळणारच नाही.

पवनवेग

वखारवाल्यांनी कोळसा सांगितला, आता दुसरी बाजू. महावितरणला एकूण विजेतला ठरावीक हिस्सा अपारंपरिक स्रोतांतून घ्यावाच लागतो. केंद्राच्या (सरकारच्या!) ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे २०२४-२५ ला २९.९१ टक्के, २०२५-२६ ला ३३.०१, आणि २०२९-३० ला ४३.३३. लोक हे टक्के बघून म्हणतात, ‘म्हणजे बिलाचा तिसरा हिस्सा हरित भार.’ तसं नाही. भार म्हणायचा तर ती वीज दुसऱ्या विजेपेक्षा जितकी महाग, तेवढ्या फरकालाच म्हणायचं.

आणि तो फरक करार कधीचा त्यावर ठरतो. २००३ च्या आदेशातले पवन करार ३ रु. ५० पैशांनी सुरू होऊन दरवर्षी १५ पैशांनी चढत तेराव्या वर्षी ५ रु. ३० पैशांवर जायचे. २०१०-११ चा सौर दर तर केंद्रीय आयोगाने १७ रु. ९१ पैसे ठरवला होता. आज शेतीच्या फीडरसाठी (शेतीपंपांना वीज देणारी वेगळी लाइन) मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीतले करार तीन रुपयांच्या आसपास होतात. म्हणजे जुनी हरित वीज सरासरी वर ओढते, नवी खाली. ‘हरित विजेमुळे बिल वाढलं’ आणि ‘हरित विजेमुळे बिल घटलं’ ही दोन्ही वाक्यं करार बघितल्याशिवाय निरर्थक आहेत.

एकलहरे

पवनवेग, तीन रुपये हा दुपारचा भाव झाला. संध्याकाळी सातला सूर्य नसतो, नाशिकमध्ये त्याच वेळी एसी, टीव्ही, मिक्सर, पंप सगळं चालू. त्या वेळेसाठी औष्णिक संच लागतात आणि त्यांचं पैसे देणं दोन भागांत असतं : स्थिर आणि बदलता. आपल्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राचंच घ्या, २१० मेगावॉटचे तीन संच. संच उपलब्ध आहे असं जाहीर केलं की ८५ टक्के उपलब्धतेच्या निकषावर त्याचा स्थिर खर्च द्यावाच लागतो, दुपारी सौर विजेमुळे तो कमी भारावर चालवला तरी. शिवाय कमी भारावर संच चालवला की युनिटमागे कोळसा जास्त लागतो आणि तेलाचा आधारही द्यावा लागतो. हा खर्च ‘हरित’ म्हणून कुठेच लिहिला जात नाही, पण आहे सौर विजेच्या वेळेमुळेच.

आंतरराज्य पारेषणाचंही तसंच. जून २०२५ अखेरपर्यंत सुरू झालेल्या सौर-पवन प्रकल्पांना ते शुल्क पूर्ण माफ होतं, पुढे माफी दरवर्षी २५ टक्क्यांनी कमी होत जाते. माफ केलेलं शुल्क हवेत विरत नाही, बाकीच्यांच्या वाट्यात वाटलं जातं.

पवनवेग

वेळेचा मुद्दा मान्य. पण त्याचा सगळा दोष सौर विजेवर टाकला तर हे संच सौर नसतानाही रात्री दोनला अर्धेच चालायचे, तो खर्च कुणाचा? मागणीचा चढउतार आधीपासून आहे.

एकलहरे

रात्री दोनला मागणी हळूहळू उतरते, तास-दोन तास मिळतात. संध्याकाळी सूर्य मावळताना तासाभरात चढ द्यावा लागतो. संचाला त्रास चढण्याच्या वेगाचा असतो. दोन्ही एकच नाही.

निफाड_पाणंद

शेतीच्या विजेचं कुणी बोलत नाही? खरा भार तर तोच.

लघुदाब

तो भार आहे, पण हरित नाही, दोन्हींची गल्लत नको. शेतीचा दर कमी ठेवण्यासाठी उद्योग, व्यापार आणि घरगुतीचे वरचे टप्पे जास्त भरतात, ती आडसबसिडी. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून जे मोफत आहे ते सरकार अनुदानातून भरतं. उलट शेतीचे फीडर सौर विजेवर गेले की तिथली वीज तीन रुपयांत पडते आणि आडसबसिडीची गरज कमी होते. निफाड-दिंडोरी पट्ट्यात दिवसा वीज मिळणं हा तर त्याहून मोठा फायदा, पण तो बिलात मोजता येत नाही.

विलायतेचा वाचक

तुलनेसाठी. आपल्याकडे लोक जे शोधताहेत ते ब्रिटन-जर्मनीत खरोखर असतं किंवा होतं. जर्मनीत घरगुती बिलात अपारंपरिक विजेसाठी युनिटमागे अधिभाराची वेगळी ओळ होती. २०१७ ला ती ६.८८ सेंटपर्यंत गेली, १ जुलै २०२२ ला शून्य केली आणि खर्च सरकारी तिजोरीवर गेला. ब्रिटनमध्ये २००२ पासूनच्या अपारंपरिक खरेदीच्या सक्तीचा खर्च पुरवठादार बिलातूनच काढतात. नवीन प्रकल्पांना ती योजना २०१७ ला बंद झाली, जुन्यांचे पैसे चालूच आहेत. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यातला घरगुतीचा ७५ टक्के भार तीन वर्षांसाठी तिजोरीवर घेण्याचं जाहीर झालं.

तिथला वाद आपल्यालाही लागू आहे : खर्च बिलातून काढायचा की करातून? बिलातून काढला तर कमी उत्पन्नाचं, विजेवरच सगळं चालवणारं घर प्रमाणाबाहेर भरतं. आपल्याकडे पीएम सूर्यघरचे (छतावरच्या सौरला अनुदान देणारी केंद्राची योजना) ७५,०२१ कोटी केंद्राच्या अंदाजपत्रकातून आहेत, बिलातून नाहीत. त्याबाबतीत आपण बरे.

हिशेबनीस

सगळं वाचून नमुना बिलाकडे परत येतो. २,४२६ रुपयांत उपकराचे पन्नास-साठ रुपये होते, तेही आता बदलले. जुन्या महाग करारांचा फरक काही पैसे. आणि समोर काय उभं आहे बघा : १०० वं युनिट ५ रु. ८८ ला, १०१ वं ११ रु. ४६ ला. वर १६ टक्के शुल्क, ३३५ रुपये. घरगुती बिल फुगतं ते टप्प्याने आणि शुल्काने. ‘हरित भार’ शोधण्यात जितका जीव घालवतो त्याच्या निम्मा टप्पा मोडण्यात घालवला तर पैसे वाचतात.

छतावरचा सौर याच जागी काम करतो. नेट मीटरिंगमध्ये तुमची निर्यात (लाइनला दिलेली वीज) आयातीतून (लाइनवरून घेतलेली) वजा होऊन निव्वळ युनिटांवर टप्पा लागतो, म्हणजे आधी सगळ्यात महाग युनिटं कापली जातात. नाशिकला १ किलोवॉटला वर्षाची सरासरी महिन्याला ११५ युनिटं धरा. एप्रिल-मेमध्ये जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये ७०-८० वरही येतात.

पहिला किलोवॉट : २२० ची १०५ झाली. ५८८ + ५७ + १२८ = ७७३, शुल्कासह ८९७. बचत १,५२९.
दुसरा किलोवॉट : उरलेली १०५ ही गेली. बिल फक्त स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क, १४८ रुपये. वाढीव बचत ७४९.
तिसरा किलोवॉट : कापायला काहीच उरलं नाही.

अनुदान पहिल्या दोन किलोवॉटला ३०,००० प्रत्येकी, तिसऱ्याला १८,०००, कमाल ७८,०००. ढोबळ भाव १ किलोवॉट ७०,०००, २ ला सव्वा लाख, ३ ला १ लाख ८० हजार धरले तर पहिल्याची रक्कम साधारण २६ महिन्यांत सुटते, दुसऱ्याची वाढीव रक्कम ३३ महिन्यांत. तिसऱ्याचे ३७,००० सुटता सुटत नाहीत.

पाथर्डी_फाटा

पण सगळे विक्रेते तीनच किलोवॉट गळ्यात मारतात, ‘पूर्ण अनुदान घ्या’ म्हणून.

हिशेबनीस

७८,००० चं गाजर आहे ते. महिन्याला ३०० च्या वर वापर असेल, किंवा वर्षभरात इंडक्शन, दुसरा एसी, विजेची गाडी येणार असेल तर तीन बरोबर. नाहीतर नाही. गेल्या बारा महिन्यांची युनिटं बेरीज करा, वर्षाची बेरीज भागिले १,३८० इतके किलोवॉट पुरेत. बारा महिन्यांचा वापर बिलावरच्या आलेखात असतो.

आणखी एक, वर्षअखेर. शिल्लक युनिटं एप्रिल ते मार्च पुढे सरकतात, ३१ मार्चला खातं बंद होतं आणि उरलेली युनिटं घरगुती दराने नव्हे तर आयोगाच्या कमी दराने विकत घेतली जातात. नाशिकला नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंखे-एसी बंद, आकाश स्वच्छ, शिल्लक साठते ती नेमकी मार्चअखेर जाते. आणि एप्रिल-मेच्या वापराला जुनी शिल्लक हाताशी नसते. मोठी यंत्रणा घेणाऱ्यांचं नुकसान इथे होतं, विक्रेत्याच्या तक्त्यात ही ओळ कधीच नसते.

तारतंत्री

यंत्रणा घेणार असाल तर कोटेशनमध्ये हे बघा.

जीएसटी. सौर संचाला ७०:३० चा नियम आहे, ७० टक्के रकमेवर वस्तूंचा दर, ३० वर सेवेचा. पूर्वी १२ आणि १८ मिळून १३.८ टक्के पडायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तूंचा ५ झाला, मिळून ८.९. मूळ किंमत १ लाख ७० हजार असेल तर फरक सव्वाआठ हजारांवर. जुन्या साच्यात छापलेली कोटेशनं अजून फिरताहेत.

पॅनेल देशी सेलचेच हवेत, नाहीतर अनुदान नाही. पॅनेलचे क्रमांक नोंदवले जातात, त्यामुळे नंतर बदलून चालत नाही.

एसी केबल, म्हणजे इन्व्हर्टरपासून (पॅनेलची डीसी वीज एसी करणारा) मीटरपर्यंतची. गच्चीतून तळमजल्याच्या मीटरपर्यंत ३० मीटर अंतर आणि ३ किलोवॉट म्हणजे १३ अँपिअर. २.५ चौ.मिमी तांब्यात जवळपास ६ व्होल्ट, ४ मध्ये साडेतीन, ६ मध्ये अडीच. व्होल्टेज इथे पडत नाही, इन्व्हर्टरकडे चढतं. दुपारी लाइनच २५० च्या जवळ असेल तर हे ६ व्होल्ट इन्व्हर्टरला मर्यादेबाहेर ढकलतात आणि तो बंद पडतो. ‘ऊन कडक, तरी उत्पादन शून्य’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच. इन्व्हर्टरची मर्यादा वाढवून घेऊ नका. केबल बदला, आणि लाइनचंच व्होल्टेज जास्त असेल तर शाखा कार्यालयात रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) टॅप बदलण्याचा अर्ज द्या.

अर्थिंग तीन, वेगवेगळी : पॅनेल-सांगाडा, एसी बाजू, वीजरोधक (आकाशातल्या विजेसाठीचा). नाशिकला बऱ्याच ठिकाणी चार फुटांखाली मुरूम नाहीतर काळा पाषाण लागतो, मग ठेकेदार अर्धा रॉड कापतो. रोध मोजून ५ ओहमच्या आत असल्याचा कागद घ्या.

डीसी कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे. वेगवेगळे दिसायला बसतात, पण आतला संपर्क सैल राहतो, तापतो आणि वितळतो.

सावली. पाण्याच्या टाकीची सावली डिसेंबरात दुपारी किती लांब जाते ते बघून जागा ठरवा, मेमध्ये बघितलं तर फसाल. टाकीची सावली एका पॅनेलवर आली तरी त्या ओळीचं उत्पादन घसरतं.

धुणं सकाळी लवकर, पॅनेल गार असताना. बोअरचं पाणी असेल तर शेवटचा हात नळाच्या पाण्याचा, नाहीतर क्षाराचा पांढरा थर बसतो आणि तो घासून काढताना काच ओरखडते.

आणि हो, दिवे गेले की ही यंत्रणा पण बंद. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी तशीच बनवलेली असते. बॅटरीशिवाय ‘लोडशेडिंगमध्ये वीज’ हे आश्वासन खोटं.

मीटरखाना

बसवल्यानंतरच्या अडचणी बिलात येतात. नेहमीच्या तीन.

एक, नावाचा घोळ. बिल वडिलांच्या किंवा बिल्डरच्या नावावर, बँक खातं दुसऱ्याच्या. पीएम सूर्यघरच्या संकेतस्थळावर अर्ज १२ आकडी ग्राहक क्रमांकावर होतो, अनुदान अडकतं शेवटी. आधी नावबदल, मग अर्ज.

दोन, नेट मीटर बसला पण बिलिंगमध्ये ग्राहकाची नोंद जुनीच राहिली. मग बिल फक्त आयातीचं येतं, निर्यात कोरी. मीटर बदलीचा अहवाल आणि मीटरच्या पडद्यावरच्या आयात-निर्यात दोन्ही आकड्यांचे त्याच दिवशीचे फोटो जोडून उपविभागात लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

तीन, आयात आणि निर्यात उलटी नोंदली जाणं. पावसाळ्यात निर्यात आयातीपेक्षा जास्त दिसली की समजा.

दाद न मिळाल्यास वीज ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, नाशिक परिमंडळाचा नाशिकलाच आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं, मंचाच्या आदेशावर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे. उलट कंपनीने जुनी चूक सापडली म्हणून एकदम थकबाकी काढली तर विद्युत कायदा २००३ चं कलम ५६(२) वाचा : रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर, ती सतत बिलात थकबाकी म्हणून दाखवत आली नसेल तर, वसूल करता येत नाही.

गंगापूर_रोड

फ्लॅटवाल्यांनी काय करायचं? गच्ची सगळ्यांची.

हिशेबनीस

सोसायटीच्या सामाईक मीटरला लावा, तिथे तर घरापेक्षा जास्त सुटतं. लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे घरगुती दरानेच आणि टप्प्यानेच आकारले जातात, पण सगळं एका मीटरवर, त्यामुळे वापर थेट ५०० च्या वर. तो टप्पा २०२४-२५ च्या दराने वहनासह १७ रु. ८१ पैसे, शुल्कासह २० रु. ६६ पैसे. १,५०० युनिटांच्या सामाईक मीटरला १० किलोवॉट लावले, १,१५० युनिटं निघाली, तर महिन्याला २३,४०० च्या आसपास वाचतात. सोसायटीला अनुदान किलोवॉटला १८,००० आहे. साडेपाच लाख खर्चातून १ लाख ८० हजार वजा करा, दीड वर्षाच्या आत सुटतं.

मंजूर भारापेक्षा मोठी यंत्रणा चालत नाही, तो आधी बघा. आणि सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची जबाबदारी कुणाची हे ठरावातच लिहा. नंतर वरच्या मजल्याच्या छतातून पाणी आलं की भांडण तिथेच होतं.

सातपूर फीडर

सौरवाल्यांनी टप्पे मोडले, वहन आकार वाचवला, तर तारांचा खर्च आमच्यासारख्या गच्ची नसलेल्यांवरच ना?

लघुदाब

तुमचा प्रश्न रास्त आहे आणि आयोगापुढे तो आलाही होता. २०१९ च्या छतावरच्या सौर विनियमांत ग्रीड सपोर्ट आकाराची तरतूद त्यासाठीच आहे. पण राज्यात छतावरची क्षमता ५,००० मेगावॉट होईपर्यंत तो लावायचा नाही, आणि १० किलोवॉटपर्यंत मंजूर भार असलेल्यांना त्यातून वगळलंय. म्हणजे नाशिकच्या बंगल्यावाल्याला नाही, उद्या मोठ्या सोसायटीला लागू शकतो. २० किलोवॉटचा विचार करणाऱ्यांनी परतफेडीच्या हिशेबात त्याची जागा ठेवावी.

गच्ची नसलेल्यांसाठी एक गोष्ट आहे. स्मार्ट टीओडी मीटर (वेळेनुसार वापर मोजणारा) असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली. दुपारची स्वस्त सौर वीज आहे तीच ही. गीझर, वॉशिंग मशीन, गिरणी, टाकीचा पंप त्या वेळात टाकला आणि ६० युनिटं सरकली तर ५०-६० रुपये. बिलावर सवलतीची ओळ येते का ते बघा, मीटर बदललाय आणि ओळ नाही असं असेल तर मीटरखान्यांनी वर सांगितलेला अर्ज.

सातपूर फीडर

गीझर ९ नंतर? घरात सगळे ८ ला बाहेर पडतात.

तारतंत्री

मग २५ लिटरचा, चांगल्या इन्सुलेशनचा गीझर घेऊन दुपारी ४ ला टायमरने तापवा, संध्याकाळच्या आंघोळीला आणि भांड्यांना पुरतो. सकाळचं पाणी त्यात धरू नका, रात्रभर उभ्या पाण्याची उष्णता जाते ती सवलतीपेक्षा महाग पडते. टायमर १६ अँपिअरचा घ्या, ६ चा लावला तर महिन्याभरात काळा पडतो.